श्वासावर वाढणारी मेथी: अंतराळशेतीची बंद पेटी गावातल्या खोलीत कशी बांधाल

एक माणूस दिवसभरात साधारण 840 ग्रॅम ऑक्सिजन वापरतो आणि एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. वावरात याचा हिशोब कोणी ठेवत नाही, कारण डोक्यावर आख्खं आभाळ असतं. अंतराळात तो ठेवावाच लागतो. झाड 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतं तेव्हा 30 ग्रॅम कोरडा पाला-दाणा तयार होतो आणि 32 ग्रॅम ऑक्सिजन सुटतो. म्हणजे एका माणसाला पुरेल एवढा ऑक्सिजन हवा असेल तर झाडांचं कोरडं वजन रोज 800 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. मध्यम उजेडात पालेभाजी रोज चौरस मीटरमागे 9-10 ग्रॅम वाढते. गणित करून पाहा, 80-85 चौरस मीटर येतात, म्हणजे सातबाऱ्यावरचा जवळजवळ एक आर. फार प्रखर उजेडात दाट गहू घेतला तर हेच काम 20-25 चौरस मीटरमध्ये भागतं.

हा हिशोब डोळ्यांनी बघता येतो. त्यासाठी रॉकेट नको. शाळेची रिकामी खोली, एक बंद पेटी, सहा एलईडी बॅटन आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक यंत्र एवढं पुरतं. गुरुत्वाकर्षण काही आपल्याला बंद करता येत नाही. पण अंतराळशेतीच्या बाकीच्या जवळपास सगळ्या अडचणी या पेटीत खऱ्याखुऱ्या समोर येतात.

हंगाम आधी ठरवा

विदर्भात ही पेटी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चालवा. एप्रिल-मे मध्ये पारा 45 अंशांकडे जातो, टिनाच्या खोलीत त्याहून वर, आणि पेटीच्या आत बाहेरच्यापेक्षा 3-4 अंश जास्तच असतात. मेथी 30 अंशांनंतर लांबट होते आणि 35 नंतर माना टाकते. कूलरने खोली थंड होते खरी, पण हवा दमट होते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. पेटीच्या आत 18 ते 26 अंश हे लक्ष्य ठेवा.

खोली शक्यतो जुन्या बांधकामाची निवडा. नवीन सिमेंटचा गिलावा असलेली खोली टाळा, कारण ताजं सिमेंट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात बायोस्फिअर 2 नावाच्या काचेच्या बंद वास्तूत 1991 ते 1993 या काळात आठ माणसं राहिली. आतल्या हवेतला ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास घसरला. खतावलेल्या मातीतले जंतू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांकडे जाण्याऐवजी काँक्रीटमध्ये मुरत होता, म्हणून बराच काळ घोळ कुठे आहे ते कळेना. आपल्या पेटीत शेणखत, गांडूळखत आणि काळी माती का नको, याचं उत्तर याच गोष्टीत आहे. ती वावरात सोन्यासारखी आहेत, पण बंद पेटीत त्यातले जंतू झाडांच्या बरोबरीने श्वास घेतात आणि हिशोब बिघडतो.

पेटीचा सांगाडा

माप 120 सेंमी लांब, 45 सेंमी रुंद, 60 सेंमी उंच. लांबी 120 घ्यायचं कारण साधं आहे: 20 वॉटची एलईडी बॅटन चार फुटांचीच मिळते. आतली हवा होते 324 लिटर. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे रोज लागेल.

सांगाड्याला स्लॉटेड अँगल घ्या. बांबू नको, आतल्या दमटपणात त्याला आठवड्यात बुरशी धरते. चारही बाजू आणि तळ 200 मायक्रॉनच्या पॉलिथिनने झाका. पॉलिहाऊसवाले कागद बसवायला जी ॲल्युमिनिअमची प्रोफाइल आणि झिगझॅग स्प्रिंग वापरतात, तीच इथे वापरली की कागद ताणून बसतो, आणि समोरची बाजू दार म्हणून पाहिजे तेव्हा काढता-लावता येते. वर 5 मिमी जाडीची काच ठेवा. बॅटन काचेच्या वर, दोन बोटं अंतर सोडून ठेवायच्या, म्हणजे त्यांची बरीचशी उष्णता बाहेरच राहते. बॅटन पेटीच्या आत लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. आतलं तापमान तासाभरात चढतं आणि चोकवर पाणी साचतं ते वेगळंच.

उजेड वाया जाऊ नये म्हणून बाजूंना बाहेरून पांढरं धोतर किंवा चादर लावा. आतून थर्माकोल लावू नका, पेटीची उष्णता अडकते. लग्ना-निवडणुकीचे जुने फ्लेक्स गावात फुकट मिळतात आणि त्यांची मागची बाजू छान पांढरी असते, तरी ते आत नकोतच. मऊ पीव्हीसीमधून सुटणारी काही रसायनं बंद हवेत पानं पांढरी पाडतात. ताजा ऑइलपेंट आणि आंबट वास येणारं सिलिकॉन यांचंही तेच. सांधे सिलिकॉनने भरले असतील तर पेटी आठवडाभर उघडी ठेवा आणि वास पूर्ण गेल्यावरच बी आत न्या.

बाजूच्या दोन टोकांना 12 सेंमीचं एकेक छिद्र ठेवा. एकात 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा बसेल, दुसरं मोकळं, आणि दोन्हींना घट्ट झाकणं हवीत. आत आणखी एक तसाच पंखा लागेल, फक्त हवा फिरवायला. एक 8 मिमीची नळी आत घालून बाहेरच्या टोकाला चिमटा लावा, ती फुंकायची नळी.

कवेलूचा चुरा

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात 2014 पासून 'व्हेजी' नावाची वाफ्यासारखी सोय आहे. त्यात झाडं उशीसारख्या छोट्या पिशव्यांत वाढतात. पिशवीत माती नसते, भाजलेल्या चिकणमातीचे सच्छिद्र दाणे असतात. तिथे पाणी खाली वाहत नाही. ते दाण्यांना आणि मुळांना चिकटून गोळ्यासारखं बसतं आणि मुळं हवेवाचून गुदमरतात. म्हणून दाण्याचा आकार फार महत्त्वाचा, कारण दाण्याच्या आतल्या छिद्रांत पाणी धरलं जातं आणि दोन दाण्यांच्या फटीत हवा राहते.

भाजलेली चिकणमाती म्हणजे आपलं छपरावरचं कवेलू, म्हणजेच कौल. जुन्या घरावरून उतरवलेली तुटकी देशी कवेलू घ्या. चुना लागलेली वगळा. लिंबाचा रस टाकल्यावर फेस आला की चुना आहे असं समजा. गोणपाटात बांधून हातोड्याने फोडा आणि दोन चाळण्यांतून काढा. गव्हाच्या चाळणीतून खाली पडेल पण रव्याच्या चाळणीवर राहील तेवढाच माल ठेवा, म्हणजे साधारण 1 ते 3 मिमीचा दाणा. बारीक भुकटी राहिली तर ती फटी बुजवते आणि मुळं काळी पडतात. धुताना पाणी नितळ येईपर्यंत धुवा, सहा-सात पाणी लागतातच. असा 22 लिटर चुरा तयार करा. कोरडं कवेलू पाणी ओढून घेतं, म्हणून पिशव्या भरण्याआधी चुरा रात्रभर खताच्या द्रावणात भिजत ठेवा.

पिशव्या 18 लागतील, प्रत्येकी 20 बाय 15 सेंमी आणि 4 सेंमी जाड. काळं नायलॉनचं कापड शिवून घ्या. प्रत्येक पिशवीतून पॉलिस्टरच्या दोन नाड्या खाली काढायच्या, त्या ट्रेमधल्या द्रावणात बुडलेल्या राहतील. कापसाचं माहेर असलेल्या मुलखात हे सांगताना जिवावर येतं, पण सुती वात इथे नको. ओल्या खतात ती तीन-चार आठवड्यांत कुजते आणि नेमकी पीक भरात असताना पाणी चढायचं थांबतं. पिशवीची जाडी 4 सेंमीच्या वर नेऊ नका, या दाण्यातून पाणी त्याहून फार वर चढत नाही.

पिशव्या जाळीवर ठेवा आणि खाली दोन प्लॅस्टिक ट्रे. द्रावण 2 सेंमी खोल, दोन्ही ट्रे मिळून सुमारे 11 लिटर. ट्रेवर काळा कागद पसरा, नाहीतर दहा दिवसांत हिरवं शेवाळ येईल आणि खत तेच खाईल.

पाणी आणि खत

बोअरचं पाणी थेट वापरू नका. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात ते खारं आहे, आणि इतरत्र बऱ्याच ठिकाणी जड. गावातल्या आरओचं कॅन किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 100 च्या आत असावा.

खतं कृषी सेवा केंद्रात मिळतात, फक्त दोन बाटल्या वेगळ्या ठेवायच्या. 'अ' बाटली: 1 लिटर पाण्यात कॅल्शिअम नायट्रेट 55 ग्रॅम आणि चिलेटेड लोह (ईडीटीए, 12 टक्के) 2 ग्रॅम. 'ब' बाटली: 1 लिटर पाण्यात 13:00:45 हे 30 ग्रॅम, 00:52:34 हे 14 ग्रॅम, मॅग्नेशिअम सल्फेट 30 ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण 1 ग्रॅम. वापरताना दर लिटर पाण्यात 'अ' 10 मिली टाकून ढवळा, मग 'ब' 10 मिली. दोन्ही बाटल्या एकत्र केल्या तर कॅल्शिअम आणि सल्फेट-फॉस्फेट मिळून पांढरा साका बसतो. तो मग झाडाच्या काही कामाचा नाही. वजनाला दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरा, किराणा काट्यावर 1 ग्रॅम उमटत नाही.

या मापाने दर लिटरला नत्र सुमारे 124 मिलिग्रॅम, स्फुरद 32, पालाश (मूलद्रव्य म्हणून) 150, कॅल्शिअम 103 आणि मॅग्नेशिअम 29 येतं. ईसी, म्हणजे द्रावणातल्या क्षारांचं मीटरवरचं माप, 1.2 ते 1.6 च्या दरम्यान ठेवा. 19:19:19 चालणार नाही का, असा प्रश्न हमखास येतो. नाही, कारण त्यातला मोठा वाटा युरियाचा असतो. युरियाचं नायट्रेट करणारे जंतू धुतलेल्या कवेलूत नसतात, आणि कॅल्शिअम तर त्यात नाहीच. जीवामृत आणि गोमूत्राचंही तसंच, ते या ट्रेमध्ये कुजतात, वास मारतात आणि ऑक्सिजन खातात. मूत्रातला नत्र झाडाला द्यायचा विचार अंतराळवालेही करतात. युरोपीय अंतराळ संस्थेच्या मेलिसा प्रकल्पात 1989 पासून त्यावर काम आहे, पण तिथे जंतूंच्या स्वतंत्र टाकीत त्याचं नायट्रेट करून मगच ते झाडांकडे जातं. त्यातही एक अडचण राहते: माणसाच्या जेवणातलं मीठ मूत्रातून द्रावणात येतं आणि बंद चक्रात साचतच जातं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला सोडिअम साचणं म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज नाही.

सामू (पीएच) 5.8 ते 6.3 असावा, पट्टीने तपासा. वर गेला तर पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड थेंब-थेंब टाका. लिंबूसत्त्वानेही उतरतो, पण जंतू ते खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांत सामू परत वर येतो. सामू 7 च्या पुढे राहिला की नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. संत्र्याच्या बागेत चुनखडीच्या जमिनीवर दिसते तीच लोहाची कमतरता. त्यावर आणखी लोह टाकू नका, सामू उतरवा.

बी

पहिलं पीक मेथीच घ्या. शुभांशु शुक्ला 2025 च्या जून-जुलैमध्ये ॲक्सिअम-4 मोहिमेत अंतराळस्थानकात गेले तेव्हा त्यांनीही मेथी आणि मूग अंकुरवले. त्याआधी इस्रोने 30 डिसेंबर 2024 ला सोडलेल्या पीएसएलव्ही-सी60 या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर एका बंद डब्यात चवळीच्या 8 बिया पाठवल्या होत्या. चार दिवसांत त्या उगवल्या आणि पुढे पानंही फुटली.

बी किराण्यातून घ्या. कृषी केंद्रातल्या पाकिटातल्या बियांना बहुतेक वेळा गुलाबी-हिरवं बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि आपल्याला 26 दिवसांत पाला खायचा आहे. मात्र किराण्याच्या बियांची उगवणशक्ती तपासा, सोयाबीनची पेरणीआधी तपासता तशीच: ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळा आणि चार दिवसांनी मोजा. 80 च्या खाली उगवले तर दुसरं बी आणा.

बी 8 तास भिजवा. प्रत्येक पिशवीला वर तीन चिरा द्या आणि मिळून 10 दाणे अर्धा सेंमी खोल टाका. वर ओलं कापड पसरा, दोन दिवसांनी कोंब दिसले की काढा. कापड तिसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर कोंब लांब, पांढरे होऊन आडवे पडतात.

उजेड आणि वारा

सहा बॅटन, प्रत्येकी 20 वॉट, पांढऱ्या रंगाच्या. जांभळे दिवे आणायची गरज नाही. पानाच्या उंचीवर लक्समीटरने 13 ते 15 हजार लक्स भरले पाहिजेत. पांढऱ्या एलईडीला हा आकडा 70 ने भागला की झाडांच्या भाषेतला उजेड येतो, चौरस मीटरला सेकंदाला 200 मायक्रोमोलच्या आसपास. रोज 16 तास चालवलं तर दिवसाला दोन युनिटच्या आत वीज लागते.

आता वेळापत्रक. दिवे संध्याकाळी 6 ला लावा आणि सकाळी 10 ला बंद करा. दिव्यांची उष्णता रात्रीच्या थंडीत उपयोगी पडते आणि दुपारच्या उन्हात तिची भर पडत नाही. दुपारी पेटीवर काळं कापड टाका, ती झाडांची रात्र. चाकाचा टायमर लोडशेडिंगमध्ये थांबतो आणि आठवड्याभरात झाडांचा दिवस कुठल्या कुठे सरकतो, म्हणून आतली बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

वीज चार-सहा तास गेली तर दिव्यांवाचून मेथीचं काही बिघडत नाही. पंखा मात्र बंद पडता कामा नये. फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची बॅटरी पंख्याला जोडून ठेवा. 0.2 अँपिअरचा पंखा तिच्यावर 30 तासांहून जास्त चालतो. वाऱ्याचं एवढं कौतुक कशासाठी? जमिनीवर गरम हवा वर जाते, गार खाली येते आणि पानाभोवतीची हवा आपोआप बदलत राहते. अंतराळात वजनच नाही, त्यामुळे हवाही हलत नाही. पान स्वतः सोडलेल्या वाफेच्या गोधडीत अडकतं. 2015 च्या डिसेंबरात स्थानकातल्या झिनियाच्या रोपांवर असंच झालं: पाणी जास्त, वारा कमी, पानांवर थेंब आणि मग बुरशी. पंखा वाढवल्यावर त्यातली काही रोपं वाचली आणि जानेवारी 2016 मध्ये त्यांना फुलं आली.

तुमच्या पेटीत हे तपासायचं तर संध्याकाळी दिवे लागायच्या जरा आधी दारातून बॅटरीच्या उजेडात पाहा. मेथीच्या तिन्ही दलांच्या कडांना मोहरीएवढे थेंब ओळीने बसलेले दिसतील. झाडांच्या या रात्रीत मुळांनी ढकललेलं पाणी पानातून बाहेर आलं, पण उडून गेलं नाही. थेंब दिवे लागल्यावर अर्ध्या तासात नाहीसे झाले तर ठीक. दोन तासांनीही तसेच असतील तर वारा कमी आहे. पानं हलकी थरथरत राहतील, पण देठ वाकणार नाहीत, एवढा वारा बरोबर.

श्वासाचा हिशोब

इथवर जे केलं ती चांगली हायड्रोपोनिक्सची पेटी झाली. अंतराळाचा भाग इथून सुरू होतो.

कार्बन डायऑक्साइडचं यंत्र घेताना ते 'एनडीआयआर' प्रकारचं, म्हणजे अवरक्त किरणांनी मोजणारं, आणि 5000 पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) मोजणारं आहे ना, ते पाहा. स्वस्तातली काही यंत्रं दुसरेच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात. अगरबत्ती लावली तरी त्यांचा काटा उडतो. ती घेऊ नका.

बी पेरण्याआधी रिकाम्या पेटीची गळती मोजा. दोन्ही झाकणं लावा, आतला पंखा चालू ठेवा, नळीतून फुंकत आकडा 2000 वर न्या आणि चिमटा लावा. बाहेरची हवा 400 धरली तर आत 1600 जास्तीचे आहेत. तासाने किती उरले? 1450 च्या वर असतील तर पेटी चांगली बंद आहे. 800 च उरले असतील तर अर्धी हवा निसटली. मग सांध्यांवर साबणाचा फेस लावून नळीतून फुंका, जिथे बुडबुडा फुगेल तिथे चिकटपट्टी. दाराची स्प्रिंग आणि वायरची छिद्रं बहुधा दोषी निघतात. पॉलिथिनच्या बाजू थोड्या फुगतात-आत जातात ते चांगलंच, आतली हवा तापली-निवली तरी सांध्यांवर दाब येत नाही.

एरवी रोज पेटी उघड्या पद्धतीने चालवा: झाकणं काढलेली, कडेचा पंखा खोलीची हवा आत ओढतोय. पीक भरात असताना हवा तासाला किमान आठ वेळा बदलली पाहिजे, या पंख्याने ती सहज बदलते. पंधराव्या दिवसापासून, पानांनी पेटी झाकली की, आठवड्यातून दोनदा बंद मोजणी करा.

दिवे लागून एक तास झाला की झाकणं लावा. 15-20 साधे श्वास नळीतून सोडले की आकडा 1500 च्या आसपास जातो, कारण सोडलेल्या श्वासात 4 टक्क्यांच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड असतो. फुंकणारे आळीपाळीने बदला, एकट्याला चक्कर येते. मग दर दहा मिनिटांनी आकडा लिहा.

दाट मेथीची पेटी तासाला 700-800 पीपीएम खाली आणते. 324 लिटर हवेत 1000 पीपीएम म्हणजे 0.58 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्याला 32 ने गुणून 44 ने भागलं की सुटलेला ऑक्सिजन येतो, 0.42 ग्रॅम. गळतीचे पीपीएम आधी वजा करायला विसरू नका. हा एक आकडा काढला की बाकी सगळं उलगडतं. पेटीतल्या मूळ हवेत, 400 पीपीएमवर, जेमतेम पाव ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. झाडं तो अर्ध्या तासात संपवतात आणि फुंकलं नाही तर वाढ तिथेच थांबते. उलट माणसाच्या दहा मिनिटांच्या श्वासात 7 ग्रॅम असतो, पेटीचा पूर्ण दिवसाचा खुराक. माणूस झाडाच्या मानाने फार मोठा खादाड आहे. म्हणून तर एका माणसाला अशा दीडशेच्या वर पेट्या लागतात.

दिवे बंद करूनही एकदा मोजा. आकडा वर चढताना दिसेल, कारण अंधारात झाडही आपल्यासारखाच श्वास घेतं. ते जेवढं परत सोडतं, तेवढं दिवसाच्या कमाईतून वजा.

दोन गोष्टी कडकपणे पाळा. पेटीत कार्बन डायऑक्साइड वाढवायला कोळसा, गोवरी, मेणबत्ती काहीही जाळू नका, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीन येतात. आणि कुठल्याही मुलाला गंमत म्हणून डोकं आत घालू देऊ नका.

पाण्याची एक रात्र

झाडाने प्यायलेल्या पाण्यातलं फार थोडं त्याच्या अंगात राहतं, बाकी पानांतून वाफ होऊन निघतं. ही वाफ थंड करून धरली की स्वच्छ पाणी. अंतराळस्थानकात 2023 मध्ये घाम, श्वास, मूत्र सगळं धरून 98 टक्के पाणी परत मिळवल्याचं दाखवून झालं आहे.

डिसेंबरच्या थंडीत पेटीची भिंतच वाफ धरते. एका संध्याकाळी 6 ला झाकणं लावा, रात्री 10 पर्यंत दर तासाला फुंका, मग त्या रात्रीपुरते दिवे बंद करा. आतल्या बाजूने खाली उतरणारं पाणी पॉलिथिनच्या घडीतून एका कोपऱ्यात आणि तिथून बाटलीत घ्या. सकाळी 6 ला मोजा. ट्रेमधलं पाणी किती उतरलं तेही मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे दमट हवा, ओली भिंत आणि गळती. गोळा झालेलं पाणी परत ट्रेमध्ये टाका.

उन्हाळ्यात बाहेर 42 अंश असताना भिंतीवर थेंबही बसत नाही. तेव्हा बर्फाची बाटली टांगून पाहावीशी वाटते, पण हिशोब लक्षात घ्या: 1 किलो बर्फ वितळताना फार तर 135 ग्रॅम वाफेचं पाणी करू शकतो, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. दिवसाला 1 लिटर पाणी धरायचं तर 28 वॉटचं थंडपण चोवीस तास लागतं. अंतराळयानातही झाडं लावायची म्हटलं की आधी विचारलं जातं ते उष्णता कुठे टाकणार हे.

बिघाड

इथिलीन हा सगळ्यात लबाड शत्रू, दिसत नाही, वासही येत नाही. रशियाच्या मीर स्थानकावर 1996-97 मध्ये बुटका गहू छान वाढला, ओंब्याही आल्या, पण दाणा भरला नाही. केबिनच्या हवेतल्या इथिलीनने परागच निकामी केले होते. पेटीच्या खोलीत आंब्याची आढी, केळी, पिकलेली फळं ठेवू नका. मोटरसायकलही नको. पेटी दिवसचे दिवस बंद ठेवायची असेल तर पोटॅशिअम परमँगनेटच्या घट्ट द्रावणात बुडवून वाळवलेले कवेलूचे तुकडे जाळीच्या पिशवीत पंख्यासमोर टांगा. जांभळा रंग तपकिरी झाला की बदला. द्रावण हाताळताना हातमोजे घाला, आणि ट्रेमध्ये तुकडा पडू देऊ नका.

पानांच्या कडा करपल्या तर ईसी पाहा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. 1.8 च्या वर गेला की दोन दिवस नुसतं आरओचं पाणी भरा. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली तर बहुधा द्रावणाची पातळी जाळीला टेकली आहे, ती एक बोट खाली घ्या. रोप उंच आणि किडकिडीत असेल तर उजेड कमी किंवा उष्णता जास्त, बहुतेक वेळा दोन्ही.

थंडीचाही धोका आहे. चीनच्या चांग-ई 4 यानातल्या डब्यात जानेवारी 2019 मध्ये चंद्रावर सरकी उगवली. पऱ्हाटीचं ते इवलंसं रोप चंद्राची रात्र सुरू झाल्यावर गारठून गेलं, कारण डबा गरम ठेवायला वीज नव्हती. आपल्याकडे पारा 8-9 वर उतरला तर मेथी मरत नाही पण थांबते. अशा रात्री खोलीचं दार-खिडकी बंद ठेवा, एवढं पुरतं.

मेथीनंतर

25-26 व्या दिवशी कापा. पाव ते अर्धा किलो पाला निघेल. वजन करा, त्यातला 100 ग्रॅम सावलीत आणि मग उन्हात कडक वाळवून पुन्हा वजन करा. मेथीत साधारण 12 टक्के कोरडा भाग असतो. श्वासाच्या मोजणीतून काढलेली वाढ आणि काट्यावरचं वजन जवळ-जवळ आलं तर तुमची मोजणी बरोबर. दुपटीचा फरक असेल तर गळतीचा आकडा चुकला आहे.

पाल्यावर माणूस जगत नाही, उष्मांक दाण्यात आणि कंदात असतात. म्हणून नासाच्या केनेडी केंद्रातल्या मोठ्या बंद खोलीत गहू, सोयाबीन, बटाटा घेतले गेले. पुढचं पीक सोयाबीन घ्यायचं असेल तर दिवे 12 तासांवर आणा. 16 तास उजेडात ते नुसतं वाढत राहतं, फुलावर येत नाही. पालक उलट वागते, लांब दिवसात दांडा धरते, तिलाही 12 तास पुरे. गव्हाला चोवीस तास उजेड दिला तरी चालतो, पण आपल्याकडचे वाण 80-90 सेंमी वाढतात आणि या पेटीत मावत नाहीत. अमेरिकेतल्या यूटा स्टेट विद्यापीठात खास याच कामासाठी अर्ध्या मीटरच्या आतला 'अपोजी' वाण काढला गेला. गहू घ्यायचाच तर पेटीची उंची 120 सेंमी करा, बॅटन दुप्पट लावा आणि हवेचा आकडा 648 लिटर धरून सगळी गणितं नव्याने मांडा.

दोन पिकांच्या मध्ये कवेलूचा चुरा पिशव्यांतून काढून मुळं वेचा, तासभर उकळत्या पाण्यात ठेवा आणि उन्हात वाळवा. ट्रे आणि पॉलिथिन साबणाने धुऊन कोरडे करा. गळतीची मोजणी पुन्हा करा, काढ-घाल करताना दाराचा कागद नेहमी थोडा सैल होतो.